कोणाशेजारी बसाल?

मुंगीने खुर्ची बदलली. एवढंच झालं. सकाळी पाव आणि अंडं समोर असताना ती नेहमीच्या खुर्चीपाशी आली, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला, जरा थांबली, आणि टेबलाला वळसा घालून माझ्या उजव्या हाताला, तिचा बाबा बसतो तिथे, जाऊन बसली. बाबा मोजे शोधत होता. एक मोजा घालून, एक हातात घेऊन तो आला आणि म्हणाला, "अरे वा, आज सिंहासन बळकावलं वाटतं." आणि डाव्या खुर्चीवर बसून खायला लागला.  मुंगीने पावाच्या कडा काढून बाजूला ठेवल्या. मी हे सगळं पाहिलं आणि मला राग आला नाही, वाईटही वाटलं नाही. माझ्या डाव्या गालावर माशी बसली तर ते मला समोरच्या माणसाच्या डोळ्यांवरून कळतं. तसंच काहीसं. काहीतरी येऊन बसलं होतं, आणि काय ते मी नवऱ्याच्या चेहऱ्यावर शोधत होते. नवऱ्याच्या चेहऱ्यावर अंडं होतं.

पुन्हा, जरा आधीपासून. मुंगीने खुर्ची बदलली त्याच्या काही आठवडे आधी मी चूळ भरत होते आणि पाणी डाव्या बाजूने आपलं आपण बाहेर आलं. मला वाटलं पेल्याचा टवका उडालाय. पेला नीट पाहिला. मग आरशात पाहिलं. अर्धा चेहरा अजून उठला नव्हता. उजवी बाजू जागी होती आणि डावीकडे, शेजारच्या खोलीत कोणी झोपलं असावं तशी, पाहत होती. डॉक्टर म्हणाले, नसेला सूज आली आहे, होतं असं, बहुतेकांचं जातं, काहींचं थोडं राहतं. मी म्हटलं, गालाला हात लावलेला कळत नाही. ते म्हणाले, छे, तसं नाही होणार. हलवायची नस वेगळी आणि स्पर्शाची वेगळी, स्पर्शाची शाबूत आहे, तुम्हाला कळायला हवं. "हवं," मी म्हटलं. त्यांनी कापसाने गालावरून रेघ ओढली. "कळलं?" कळलं होतं. पण दुसऱ्या कुणाच्या तरी गालावर कापूस फिरवल्याची बातमी आल्यासारखं. त्यांना हे सांगण्यात अर्थ नव्हता. त्यांनी डोळ्यात घालायचे थेंब लिहून दिले आणि झोपताना पापणीवर लावायला चिकटपट्टी, कारण डावा डोळा मिटत नाही.

नवरा म्हणाला, कळतसुद्धा नाही गं, माहीत असलं तरच कळतं. खालच्या मजल्यावरच्या काकू माझ्या कानाकडे पाहत म्हणाल्या, काहीच वाटत नाही, गार वारं लागलं असेल. नणंद फोनवर म्हणाली, दादा म्हणाला कळतसुद्धा नाही. सगळ्यांनी मिळून एकच वाक्य विकत घेतलं होतं आणि ते आळीपाळीने वापरत होते. व्यायाम शिकवणाऱ्या बाई तेवढ्या वेगळ्या. त्या फुगा द्यायच्या आणि म्हणायच्या, फुगवा. हवा डावीकडून निघून जायची. "बोट लावा कोपऱ्याला. ओठ वर धरा. हं. आता म्हणा, पापा, बाबा, मामा." मी बोट लावून म्हणायचे. बोट काढलं की प, फ, ब, भ, म, ओठ मिटावे लागतात ती सगळी अक्षरं, नुसतीच वाफ होऊन जायची. घरी हे सांगितलं तेव्हा नवरा म्हणाला, "हे मुंगीने वर्षाच्या आत जमवलं होतं की!" आम्ही सगळे हसलो. मी अर्धीच हसले. हसण्याचा खर्च निम्म्यावर आला होता. मुंगी हसली नाही, असं आता आठवतं. किंवा ती हसली असेल आणि मी तिच्याकडे पाहिलं नसेल. त्या दिवशी ती अजून डाव्या खुर्चीवर बसत होती.

मी रशियन गोष्टींची भाषांतरं करते. लहान मुलांसाठी नव्हे, खरं तर कुणासाठीच नव्हे अशा जुन्या गोष्टी. आमचं प्रकाशन त्या मुलांसाठी काढतं. टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्या. जिन्यात रबराचा वास, वर कागदाचा. तिथे एक रीत आहे. भाषांतर छापायला जाण्याआधी मुलांना वाचून दाखवायचं, आणि वाचणाऱ्याने पडद्याआड बसायचं. पडदा म्हणजे दवाखान्यात असतो तसा, चाकांचा, हिरव्या कापडाचा. पूर्वी एक भाषांतरकार होते, ते वाचताना अस्वल व्हायचे, सासू व्हायचे, घुबड व्हायचे. मुलं लोळायची हसून. पुस्तक छापलं की दुकानात पडून राहायचं, कारण भाषांतरकार पुस्तकाबरोबर घरी जात नसत. तेव्हापासून पडदा. वाचून झालं की संपादकबाई मुलांना 'आवडलं का' असं कधी विचारत नाहीत. आवडलं का म्हटलं की मुलं हो म्हणतात, त्यांना घरून तसं शिकवून पाठवलेलं असतं. बाई विचारतात, यातल्या कोणाशेजारी बसाल? मुलं ज्याच्या शेजारी बसतील त्याचं चित्र मोठं काढायचं. अस्वलाशेजारी सगळी बसतात. मृत्यूशेजारीसुद्धा एकदा दोघंजण बसले होते, त्याच्याकडे घोडा होता म्हणून.

या खेपेला बाईंनी निवडलेल्या सगळ्या गोष्टींत कुठे ना कुठे एक लहान मूल कुणा मोठ्याकडे टक लावून पाहत असतं. त्या तशा निवडल्या नव्हत्या, नंतर लक्षात आलं. मूल टेबलाखाली बसून पाहुण्यांच्या पायांकडे पाहतं. मूल अंत्ययात्रेत मेलेल्या माणसाऐवजी मेणबत्ती धरलेल्या आत्याच्या हनुवटीवरचा चामखीळ पाहतं, त्यावरचा एक केस वितळलेल्या मेणात चमकतो, आणि त्याला वाटतं की आत्याने तो आजच्यासाठी मुद्दाम लावला आहे. मूल देखण्या लेफ्टनंटला पाहून रडतं. का, ते कुणालाच कळत नाही, लेखकालाही नाही. मोठी माणसं या गोष्टींत सौंदर्य आधी ओळखतात आणि मग पाहतात. मुलं आधी पाहतात, खूप वेळ पाहतात, आणि ओळखायच्या आतच त्यांना कुणीतरी झोपायला पाठवतं. हे मला पूर्वी फार आवडायचं. आता भाषांतर तपासताना वाटत होतं, ही मुलं दाढीवाल्या लेखकांनी लिहिली आहेत. दाढीवाल्यांना असं एक मूल हवं होतं की जे कुबड्या स्वयंपाक्याच्या कुशीत जाऊन झोपेल आणि सुंदर मावशीच्या बोटाला चावेल. खरं मूल पावाच्या कडा काढतं आणि खुर्ची बदलतं.

लहानपणी मला घरचे सांगायचे की थोरली काकू देखणी आहे. मी मुंगीएवढी होते. सगळे म्हणायचे म्हणून मी तिचं देखणेपण कुठे आहे ते शोधायला बसायचे. ती दुपारी खिडकीशी भरतकाम करायची आणि मी समोर बसून एकेक भाग तपासायचे. नाक, नाकासारखं. भुवया, दोन. मान लांब होती, पण लांब मान बदकालाही असते. एकदा तिने विचारलं, "काय गं, काय बघतेस?" मी म्हटलं, "शोधतेय." ती म्हणाली, "सापडलं की मलाही सांग हो." पुढे मोठेपणी तिचा एक फोटो पाहिला आणि खरोखर दचकले, इतकी ती सुंदर होती. पण ती ही नव्हती, जिच्या समोर मी बसायचे. आणि आमच्या गल्लीतला शिंपी. त्याचा एक कान अर्धा होता, वरचा तुकडा नव्हताच. मला वाटायचं शिंप्यांचे कान तसे करतात, टेप गळ्यात टाकताना अडकू नये म्हणून. दुसऱ्या गावी एक दोन कानांचा शिंपी पाहिला तेव्हा मला त्याचं कामच कच्चं वाटलं. याला सुंदर म्हणायचं की कुरूप? मला तेव्हा हे दोन शब्द येत होते, आणि मी ते मोठ्यांनी सांगितलेल्या जागीच ठेवत होते, ताटल्या ठेवतात तसे.

शब्द. वाचनाचा दिवस जवळ आला तेव्हा मी गोष्ट मोठ्याने वाचून पाहिली, दार लावून. पडद्याआड माझा चेहरा कुणाला दिसणार नव्हता, तेव्हा काळजी नव्हती. काळजी ओठांची होती. गोष्ट अशी: कडाक्याच्या हिवाळ्यात, घोडे बदलायच्या एका चौकीवर एका जनरलच्या बायकोची घसरगाडी मोडते. गाडी दुरुस्त होईतो ती आत येऊन बसते. आत चौकीदाराची लहान पोर आहे आणि शेगडी राखणारी एक म्हातारी. पोर आधी जनरलच्या बायकोकडे पाहते, मग म्हातारीकडे, दिवसभर. बस. आता ही गोष्ट ओठ न मिटता वाचून पाहा. पहिल्याच ओळीला बर्फ. बर्फ म्हणताना मला दोनदा बोट लावावं लागलं. मग हिम केलं, त्यातही म. शुभ्र केलं, भ. पांढरं, प. बर्फाला या भाषेत ओठांवाचून रस्ताच नाही. मी बर्फ काढून टाकलं. रशियन गोष्टीतून बर्फ काढलं आणि मला काही वाटलं नाही, उलट काम सोपं झालं. मग लक्षात आलं की सुंदर म्हणता येतं. देखणी म्हणता येतं. नाजूक, छान, सगळं जिभेवर आणि दातांवर भागतं. कुरूप, भेसूर, बेढब, विद्रूप, यांना ओठ लागतात. घाणेरडी म्हणता आलं असतं, पण म्हातारी घाणेरडी नव्हती. तेव्हा तिच्या रूपाचा सगळा परिच्छेद काढला. उरलं ते असं.

थंडीचे दिवस होते. रस्ता दिसेनासा झाला होता. चौकीच्या दाराशी एक गाडी आली आणि तिचा दांडा तुटला. गाडीतून एक देखणी स्त्री उतरली. तिचे हात नाजूक होते, केस सोनेरी होते. चौकीदाराची लेक दाराआडून तिला निरखत राहिली. आत शेगडीशी एक आजी होती. तिने चहा ठेवला.

आणि असंच शेवटपर्यंत. शेवटी जनरलची बायको पोरीला विचारते, मी दिसायला कशी आहे? पोर म्हणते, सुंदर. ती हसते, म्हातारीकडे हात करते. आणि ही? पोर म्हणते, ही आमची. 'आमची' सुद्धा ओठांवाचून होत नाही, म्हणून मी 'ही घरची' केलं. कागद पाहिला. नितळ झाला होता. कुठे काही टोचत नव्हतं. मूळ भाषांतर बाईंकडे होतंच, छापायला तेच जाणार होतं. हे फक्त वाचायपुरतं. हे सगळं ओठांसाठी केलं असं मी मला सांगितलं आणि मला ते पटलं. मला अलीकडे सगळं पटकन पटतं.

पडद्याच्या आड एक स्टूल, एक दिवा. पलीकडे सतरंजीवर मुलं. मुंगी त्यांच्यातच असते, सुट्टीच्या दिवशी तिला घरी कुठे ठेवणार. तिच्याशिवाय टायरवाल्याचा मुलगा, ज्याचे पुढचे दात पडलेत म्हणून सगळे त्याला बोळका म्हणतात. चष्मा लावणारी एक मुलगी, जिच्याबद्दल बाई म्हणतात की ही मोठेपणी वकील होणार, देव कोर्टाचं भलं करो. आणि आणखी काहीजण. मी वाचलं. हिरव्या कापडातून मला फक्त त्यांच्या सावल्या दिसत होत्या, आणि त्या हलत नव्हत्या. हे चांगलं लक्षण नाही. गोष्ट लागली की मुलं हलतात. मी "ही घरची" म्हटलं आणि थांबले.  मग चष्मेवालीचा आवाज.

"झाली?"

"झाली," बाई म्हणाल्या.

"एवढीच? बाई, रशिया आहे ना? मग बर्फ कुठाय?"

"हो ना," बोळका म्हणाला, "गाडी तुटली, एक बाई आली, चहा प्यायली. हे तर आमच्या दुकानात रोज होतं."

सगळी हसली. बाईही हसल्या, आणि मग मला कागद उलटल्याचा आवाज आला. "थांबा रे. बर्फ आहे. इथे आहे की बर्फ, बख्खळ आहे. अगं," या वेळी आवाज पडद्याकडे वळला, "पान सुटलं का तुझं?" मी उत्तर दिलं नाही. प्रश्नाला 'नाही' म्हणता आलं असतं, त्यात ओठ लागत नाहीत. बाई म्हणाल्या, "असू दे, मीच वाचते, राहिलेलं आहे ते." आणि त्यांनी त्यांच्या सपाट, हिशेबी आवाजात माझंच भाषांतर वाचायला सुरुवात केली.

"म्हातारीचा अर्धा चेहरा बर्फाने खाल्ला होता. त्या बाजूचा डोळा मिटत नसे. झोपेतही तो उघडा, पांढरा राही. ओठाचा कोपरा खाली लोंबे आणि बोलताना त्यातून लाळ गळे." इथे बाईंचा आवाज मंदावला. त्यांना कळलं होतं. मला पडद्यातून त्यांची सावली दिसली, तिने मान वर केली आणि पुन्हा कागदात घातली. मुलं वाट पाहत होती. मुलं वाट पाहत असताना वाक्य अर्धं सोडता येत नाही. "ती हसली की उरलेला अर्धा चेहरा एकटाच हसे, आणि पाहणाऱ्याला वाटे, या दोन म्हाताऱ्या आहेत आणि त्यांचं एकमेकींशी पटत नाही."

बोळका खिदळला. हे मी चेहरा जाण्याच्या खूप आधी लिहिलं होतं. त्या वाक्यावर मी तेव्हा खूश झाले होते, 'पटत नाही' सुचल्यावर उठून खोलीत एक फेरी मारली होती. आता मी स्टुलावर बसले होते आणि ते वाक्य पडद्यापलीकडून माझ्याकडे येत होतं. मी वाट पाहिली. काहीतरी होईल. लाज वाटेल, रडू येईल. डोळ्यातून पाणी आलं, पण ते डाव्या डोळ्यातून, आणि तो हल्ली दिवसभर गळतोच. ते मी धरत नाही. बाईंनी शेवट वाचला, "ही आमची," आणि कागद खाली ठेवला, आणि रीतीप्रमाणे विचारलं, पण हळू, जणू प्रश्न परत घेता आला तर बरं.

"बरं. यातल्या कोणाशेजारी बसाल?"

"म्हातारीशेजारी," बोळका म्हणाला, "शेगडी तिथेच आहे ना. उगीच कोण गारठेल."

"ई, लाळ पडली अंगावर तर?"

"मग काय! तूपण झोपेत गाळतेस, तुझी आईच सांगत होती."

"गप रे बोळक्या! मी त्या जनरलबाईंशेजारी. सोनेरी केस जवळनं बघायचे आहेत, खरे आहेत का."

"मी घोड्याशेजारी."

"घोडा गोष्टीत नाहीये."

"गाडी काय तू ओढत होतास?"

आणि मग मुंगी बोलली. तिचा आवाज मला कुठूनही कळतो, डाव्या कानाला तर हल्ली, त्या नसेमुळेच म्हणे, जरा मोठाच ऐकू येतो. "ती मुलगी खोटं बोलते," मुंगी म्हणाली.

"कोण गं?"

"चौकीदाराची. त्या बाईंनी विचारलं कशी दिसते, आणि ही म्हणाली आमची. हे उत्तरच नाहीये."

"अगदी बरोबर," चष्मेवाली म्हणाली. "प्रश्न टाळला."

"बरं, मग खरं उत्तर काय?" बाईंनी विचारलं. त्यांनी विचारायला नको होतं. पण त्या आयुष्यभर मुलांना पुढचा प्रश्न विचारत आल्या आहेत, त्यांची जीभ त्यांच्या हातात नाही.

"वाईट दिसते," मुंगी म्हणाली. "वाईट दिसते, आणि आमची. दोन्ही सांगायचं."

"आणि तू कोणाशेजारी बसशील?"

सावल्यांतली मुंगी कोणती ते मला समजेना. एक सावली जरा पुढे झुकली, पण ती बोळक्याची असावी, तो चुळबुळ करतो.  खाली दुकानात कुणीतरी टायरात हवा भरत होतं, मशीन धडधडत होतं.

"म्हातारीशेजारीच," मुंगी म्हणाली. "पण चांगल्या बाजूला."

नंतर बाई पडद्याआड आल्या. त्या कागदाची सुरळी करत होत्या आणि सरळ करत होत्या. "अगं, मला खरंच... माझ्या डोक्यात नव्हतं गं." मी मान हलवली. "तुला हवं तर ही गोष्टच वगळू. बाकीच्या आहेत." मी म्हटलं, "नको. छान आहे." ही दोन्ही वाक्यं ओठांवाचून होतात. बाईंनी माझ्या उजव्या खांद्यावर हात ठेवला. त्यासुद्धा उजव्याच. मग म्हणाल्या, "चित्र म्हातारीचं मोठं काढायला हवं. मुलांनी तसं सांगितलंय." आणि आपण काय बोललो ते कळून तशाच उभ्या राहिल्या. मला त्यांची कीव यायला हवी होती. मी कागद पिशवीत भरले.

आम्ही घरी निघालो, मुंगी आणि मी. दुपार होती. रस्त्यावर सुट्टीच्या दिवसाची रिकामी उन्हं पडली होती, दुकानांची अर्धी दारं खाली ओढलेली. मुंगी माझ्या उजवीकडून चालत होती. उजवी बाजू रस्त्याची होती, गाड्यांची. रोज मी तिला आतल्या बाजूला घेते. आज तिला आत घ्यायचं तर डावीकडे घ्यावं लागणार होतं. तिच्याजवळून एक सायकल घासून गेली. मी तिला तिथेच चालू दिलं. अशी एक आई मी रशियन गोष्टीत वाचली असती तर तिच्याबद्दल समासात काहीतरी लिहिलं असतं. मग मोठी गाडी आली आणि माझ्या हाताने, मी नव्हे, मुंगीची कॉलर धरून तिला दुसऱ्या बाजूला ओढलं. ती डावीकडे आली. दोन पावलं चालली आणि मागून वळसा घालून पुन्हा उजवीकडे, गाड्यांच्या बाजूला, जाऊन चालू लागली.

मी थांबले. बंद दुकानाच्या पायरीवर बसले. ती समोर उभी राहिली. मी डाव्या हाताचं बोट ओठाच्या कोपऱ्याला लावलं, तो वर धरला, आणि विचारलं. बोट लावलं की माझा आवाज मास्तरांसारखा येतो, अक्षरन् अक्षर सुटं.

"मी कुरूप दिसते का गं?"

मुंगीने पाहिलं. घाईने नाही. डोळ्याकडे पाहिलं, ओठाकडे, बोटाकडे, मग सगळ्याकडे मिळून. कळतसुद्धा नाही असं ती म्हणेल आणि मग तीही त्या सगळ्यांत जाईल, असं मला वाटलं. हे वाटलं, हे मी नोंदते, कारण कित्येक आठवड्यांत पहिल्यांदा काहीतरी वाटलं आणि ते दुसऱ्या कुणाच्या गालावर नव्हतं.

"हो," मुंगी म्हणाली.

"खूप?"

"खूप नाही. हसतेस तेव्हा जास्त."

"म्हणून तिकडे बसतेस? बाबाच्या खुर्चीवर?"

"छे!" तिला हा प्रश्नच बावळट वाटला. मी काहीतरी अगदीच साधं विसरले आहे असं ती माझ्याकडे पाहू लागली. "म्हणून कशाला? त्या बाजूने तू रागावलीस की हसतेस तेच कळत नाही. सकाळी मी दूध सांडलं ना, त्या दिवशी. मी बघत होते, बघत होते, तू काही झालीच नाहीस. मग बाबा ओरडला तेव्हा कळलं की सांडलं ते वाईट होतं."

दूध सांडलं होतं? मला आठवेना. सांडलं असेल. फडकं मीच घेतलं असेल.

"मी रागावले नव्हते," मी म्हटलं. मग वाटलं, हे तिला कशावरून कळावं, आणि मला तरी कशावरून. "असं करू. त्या बाजूला असलीस की विचारायचं. मी सांगत जाईन."

"खरं सांगशील? 'आमची' असलं नाही हं."

"खरं."

ती विचार करत उभी राहिली. मग पायरीवर चढली आणि माझ्या डावीकडे बसली, अगदी चिकटून नाही, मध्ये एक पिशवी मावेल एवढी जागा ठेवून. मान तिरकी करून तिने माझ्या त्या गालाकडे जवळून पाहिलं, दार बंद असलेल्या घराच्या खिडकीत डोकावतात तसं.

"आत्ता?" तिने विचारलं.

"काय आत्ता?"

"आत्ता काय झालीयेस? रागावलीस? का हसतेस? का रडतेस?"

मी बोट ओठावरून खाली घेतलं. सांगायला तोंड उघडलं आणि आत पाहिलं. उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं. ती थांबली होती. रस्त्यावरून कुणी जात नव्हतं.

"थांब," मी म्हटलं, ब वाफ झाला तरी, "बघून सांगते."

"बघ," मुंगी म्हणाली, आणि तिथेच, त्या बाजूला, बसून राहिली.